निरोप पोहोचला, पण दार कोणी उघडायचं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)

अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सभासद बंधू-भगिनींनो आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या तरुण मित्रांनो,

मोबाइल बघताय म्हणून रागावणार नाही. आज त्याच्यावरच बोलायचं आहे. कमिटीने मला बँकेतल्या आठवणी सांगायला बोलावलं होतं, पण विषय मी बदलून मागितला. कारण शेवटी सांगतो.

आपण २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरची टाकी भरली हे कसं कळायचं? पाणी ओसंडून बी विंगच्या पत्र्यावर पडायचं, ताशासारखा आवाज व्हायचा आणि कोणीतरी खिडकीतून ओरडायचं, "वॉचमन, पंप बंद कर!" आता टाकीत सेन्सर आहे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पंप आपोआप बंद होतो. सेन्सर म्हणजे एवढंच. काहीतरी बदललं हे ओळखायचं आणि तसा निरोप द्यायचा.

असे कितीतरी सेन्सर तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, उन्हात आलं की उजळते, आडवा धरला की चित्र आडवं होतं. आडवं-उभं ओळखणाऱ्या भागाला अॅक्सिलरोमीटर म्हणतात. त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा असतो. फोन हलला की तो किंचित सरकतो आणि ते सरकणं मोजलं जातं. तुमची पावलंही तोच मोजतो. खड्ड्यांतून रिक्षाने आलं तर काही पावलं फुकटात जमा होऊ शकतात. रोज सकाळी कट्ट्यावर दहा हजारांचा हिशेब सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

फोनमध्ये होकायंत्रही असतं. ते पृथ्वीचं चुंबकत्व ओळखतं, पण शेजारी लोखंडी कपाट असलं की फसतं. आपल्याकडे एका घरी वास्तू बघायला आलेल्या गृहस्थांनी कपाटाजवळ फोन धरला आणि देवघराची दिशाच बदलून टाकली. हात-दोन हात बाजूला सरकले असते तर देव जागेवर राहिले असते.

ही झाली गंमत. आता थोडं गंभीर. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सोलापूरच्या शाखेत होतो. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास खाट हलली. दिवस उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. हजारो माणसं झोपेतच गेली. आज फोनमधला तोच अॅक्सिलरोमीटर जमिनीची थरथर ओळखतो. एकाच भागातले अनेक फोन एकाच वेळी थरथरले तर तो भूकंप आहे असं गणित मांडून पुढच्या गावांतल्या फोनना इशारा जातो. जमिनीतल्या लाटांपेक्षा हा निरोप कितीतरी वेगाने धावतो. गुगलने २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी विचारविनिमय करून ही सोय भारतातल्या अँड्रॉइड फोनसाठी आणली. सेटिंगमध्ये ती चालू आहे का, आज घरी गेल्यावर बघा. पण केंद्राच्या अगदी जवळच्या गावाला निरोपाआधी हादराच पोहोचतो. बाकीच्यांना मिळतात काही सेकंद. त्या सेकंदांत टेबलाखाली शिरायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आता घरची गोष्ट. माझी पत्नी गेल्यापासून मी एकटा राहतो. मुलगा शिकागोला असतो. तो म्हणाला, "बाबा, हॉलमध्ये एक कॅमेरा लावू या." मी म्हटलं, "मी काय स्ट्राँगरूम आहे का?" दोन महिने आमची ही वादावादी चालली. कोणीतरी सतत बघतंय या कल्पनेनेच मला नीट बसवेना. त्याची काळजी खोटी नव्हती, माझा संकोचही खोटा नव्हता. शेवटी तडजोड झाली ती दाराच्या सेन्सरवर. चौकटीला एक डबी आणि दाराला लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि डबी वायफायवरून तसं कळवते. मी सकाळी साडेसातपर्यंत दूध घ्यायला दार उघडलं नाही, तर मुलाच्या फोनवर निरोप जायचा. मी घरात काय करतो, हे मात्र त्याला दिसत नव्हतं. हे मला पटलं.

यंदा फेब्रुवारीत पहाटे सहाला मी बाथरूममध्ये घसरलो. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, ओरडलं तरी आवाज बाहेर जाईना. फोन टेबलावर चार्जिंगला होता. त्याच्या हिशेबाने मी अजून झोपलेलोच होतो. साडेसात वाजले. शिकागोत रात्रीचे आठ. त्याआधी दोनदा लाइट गेली होती, वायफाय बंद पडलं होतं आणि मुलाला खोटाच निरोप गेला होता. तिसऱ्यांदाही तसंच असेल म्हणून तो गप्प बसू शकला असता. बसला नाही. आधी मला फोन लावत राहिला. टेबलावरची ती रिंग मला ऐकू येत होती. मग त्याने समोरच्या घरी फोन केला.

इथे एक कबुली देतो. समोरच्या घराशी माझं सात महिने बोलणं नव्हतं. पॅसेजमधल्या चपलांच्या रॅकवरून मी कमिटीकडे लेखी तक्रार केली होती. माझी जादा किल्ली त्यांच्याकडे होती, ती परत मागावी असंही मनात येऊन गेलं होतं. त्या सकाळी त्या घरची सूनबाई डबे भरायचे सोडून तशीच धावत आली. "काका, घाबरू नका, मी आलेय," हे तिचे शब्द मी विसरणार नाही. दार उघडलं कारण आदल्या रात्री मी आतून कडी लावायला विसरलो होतो. एरवी रोज न चुकता लावायचो.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याच्या किल्लीने तिजोरी उघडत नाही. सेन्सर ही एक किल्ली आहे. दुसरी शेजाऱ्याकडे असते.

म्हणून हात जोडून काही विनंत्या. जादा किल्ली विश्वासाच्या घरी ठेवा आणि एकटे असाल तर आतून कडी लावू नका. बाथरूमला जाताना फोन सोबत न्या, हाताला येईल असा खाली ठेवा. सेन्सरचे सेल दर महिन्याच्या एक तारखेला तपासा. सिलिंडरच्या गॅससाठी सेन्सर लावणार असाल तर जमिनीलगत लावा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आणि आईवडिलांच्या घरी काहीही बसवण्याआधी त्यांना विचारा.

चपलांचा रॅक अजून तिथेच आहे. तक्रार मी मागे घेतली आहे, कमिटीने कृपया तशी नोंद करावी.