कॉलर आणि नोंदवही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते. २०१९च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, आणि तेलंगणापर्यंत फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर! वाटेतली ५,००० हून अधिक ठिकाणं कॉलरने नोंदली.

हा वाघ फक्त जंगलातून गेला नाही. तो आपल्या लोकांच्या शेतशिवारातून, नाल्यांच्या काठाने, उभ्या कपाशीत दडत गेला. वाटेत त्याने गुरंही मारली. तरी तो जिवंत पोहोचला. अभयारण्याची हद्द सरकार आखतं. दोन अभयारण्यांमधली वाट मात्र शेतकऱ्याच्या सोसण्यावर टिकते. म्हणून गुरं गेल्याची भरपाई वेळेवर मिळणं हेही वन्यजीवांचं रक्षणच आहे.

आपल्या ढाणकीजवळच पैनगंगा अभयारण्य आहे. सागाचं हे रान आपण सहलींपुरतं पाहिलं. पण मोह कधी वेचायचा, चारोळी कुठे मिळते, तरोटा आणि काटवल कोणत्या पावसानंतर येतं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे ज्ञान कोणतीही कॉलर टिपत नाही.

त्यासाठी कायद्याने सोय केली आहे. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही करायची असते. नगरपंचायतीलाही ते लागू आहे. मात्र नोंदवही लोकांनी सांगितली नाही, तर ती नुसती फाईल होते.

माझी विनंती छोटी आहे. या दिवाळीत गावी याल तेव्हा आपली नोंदवही मागून वाचा. घरातल्या, शेजारच्या दोन वडीलधाऱ्यांशी बोला. झाडाचं गावातलं नाव, उपयोग, हंगाम, जागा लिहून घ्या. जीवशास्त्र शिकवलेल्या सरांनी-मॅडमनी ती नावं तपासून द्यावीत. तक्ते लावायचं काम माझं.

एक पथ्य मात्र पाळू. औषधी वनस्पतींची माहिती सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. ती त्यांची ठेव आहे. नोंद समितीकडेच द्यायची.

आपण पुण्या-मुंबईला, परदेशी गेलो. रान राखलं ते इथे राहिलेल्यांनी. त्यांनी सांगावं, आपण लिहावं, एवढं तर आपल्याला जमेल.