जुने ते सोने?

पुण्याजवळच्या माण गावाच्या शिवारात वसलेल्या संगणकनगरीतील तरुण रसिक 'कासाब्लांका'सारखा 1942 चा कृष्णधवल हॉलिवूडपट पाहून, असे चित्रपट आता निघत नाहीत म्हणून हळहळतात, तेव्हा त्यांच्या निदर्शनास आणावेसे वाटते की, अमेरिकेतील मूकपटांपैकी सुमारे 70 टक्के कायमचे नामशेष झाले असून, उरलेल्यांतलेही निवडक तेवढेच आपण पाहतो. आजचा गाळ मात्र सगळाच नजरेसमोर असतो! अर्थात जे गेले ते सारेच टाकाऊ होते असे मुळीच नव्हे; नायट्रेटची फीत विलक्षण ज्वालाग्राही, आणि बोलपट अवतरताच मूकपटांची किंमत रद्दीची झाली. आपल्याकडेही फाळक्यांचा 1919 चा 'कालिया मर्दन' पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या दप्तरी दाखल झाला, तो संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळेच.