आकसणारी पेशी

मूळ ग्रंथातील ‘व्हॉल्यूम’ला मी ‘आकारमान’ म्हटले आहे. ‘घनफळ’ मला फार गणिती वाटले.

मीठ चोळलेल्या मेथीला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. जिकडे क्षार अधिक, तिकडे पाणी जाते. रक्तातील तांबडी पेशी सोडियम बाहेर उपसून आणि पोटॅशियम आत घेऊन आपले आकारमान राखते. छत्तीसगड व विदर्भातील कितीतरी कुटुंबांना ग्रासणाऱ्या सिकलसेल आजारात हा तोल ढळतो. प्राणवायू सोडताच सदोष हिमोग्लोबिनचे दोर वळले जातात, पेशीपटल ताणले जाते व कॅल्शियम आत शिरते. त्यामुळे पोटॅशियमला बाहेरची वाट खुली होते. कॅल्शियमचे हे कार्य हंगेरीच्या गार्डोस यांनी १९५८ मध्ये दाखविले. पोटॅशियममागोमाग पाणीही जाते, पेशी आकसते, आतील हिमोग्लोबिन दाट होते. आणि दाट झाले की दोर अधिकच त्वरेने वळले जातात.

ती वाट अडविणारे सेनिकापॉक हे औषध निघाले. पेशी कमी फुटू लागल्या, परंतु वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. चाचणी मुदतीपूर्वीच थांबली.

तेव्हा भिलाईतील शिक्षकांना एवढीच विनंती, की उन्हाळ्यात अशा मुलाने वर्ग चालू असताना पाण्याची बाटली उघडली, तर त्याला अडवू नये.