राखेचं माप



दिल्लीजवळच्या दादरीला एनटीपीसीचं औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशावरचे सहा संच, मिळून 1820 मेगावॅट. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडायची, ही जुनी रीत. दादरीने राख कोरडी काढली, रचून तिचा डोंगर केला, वर झाडं लावली. अशी कोरडी राख आता सिमेंटला आणि विटांना लागते, आणि तिथे आजचा विषय येतो: राख साठवणाऱ्या सायलोखालचा रोटरी व्हॉल्व्ह.

नळकांड्यात पात्यांचं चाक फिरतं. वरून कप्प्यात राख पडते, खाली सांडते, आणि राख पुढे नेणाऱ्या खालच्या नळीतली दाबाची हवा बरीचशी खालीच अडते. हा व्हॉल्व्ह केवढा घ्यायचा? बहुतेक जण सायलोच्या तळाच्या हॉपरचं तोंड मोजतात आणि तेवढाच मागवतात. इथेच घोळ होतो.

समजा, ताशी 20 टन राख न्यायची आहे. बसलेली राख घनमीटरला साधारण 0.8 टन भरते, म्हणजे ताशी 25 घनमीटर. मिनिटाला 20 फेरे धरले, तर दर फेऱ्याला जेमतेम 21 लिटर. कागदावर हिशेब जुळला! पण राख वाहती राहावी म्हणून सायलोत खालून हवा सोडतात. तीच राख फुगून 0.5 टनांवर येते. चाळलेलं पीठ मापट्यात किती मावतं, हे घरात विचारा. शिवाय नळीतून वर निसटणारी हवा कप्पे पुरते भरू देत नाही. भरण 60 टक्के धरलं, तर फेऱ्याला 55 लिटरच्या वर लागतात. अडीचपटीहून जास्त!

‘मग फेरे वाढवा’, असं कुणीतरी म्हणतंच. एका मर्यादेपुढे कप्प्याला भरायला वेळच उरत नाही, आणि माल उलट घटतो. त्यात राखेतली सिलिका पात्यांची टोकं खाते. पातं आणि कवच यांच्यातली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची. ती रुंदावली की गळती वाढते, भरण आणखी उतरतं. माझ्या मते व्हॉल्व्ह मोठा घ्यावा, फेरे कमी ठेवावेत, आणि गळकी हवा काढून न्यायला व्हेंट हवाच. व्हेंटमध्ये काटकसर करणाऱ्यांची मला कीव येते.

नोएडा, फरिदाबाद, साहिबाबादच्या कारखानदार श्रोत्यांना एक विनंती. कोटेशन मागवण्याआधी आपल्याच सायलोखालची वाहती राख मापाच्या बादलीत घ्या, न ठोकता लगेच तोला, आणि तो आकडा विक्रेत्याला लेखी द्या.