स्कॉच म्हणजे काय?

मद्याची स्तुती वा निंदा करण्याचा माझा मानस नाही. राज्यकारभारात वावरणाऱ्या माणसाला स्कॉच व्हिस्कीविषयी जे कुतूहल वाटते, ते तिच्या चवीपेक्षा तिच्या व्याख्येचे असते.

स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ सालच्या दप्तरात, जॉन कॉर नामक मठवासीयास राजाज्ञेने ‘जीवनजल’ करण्यासाठी मोड आणलेल्या धान्याची आठ मापे दिल्याची नोंद आहे. गेलिक भाषेतील ‘उश्के बाहा’चा अर्थही जीवनजल असाच, व्हिस्की हा त्याचाच अपभ्रंश. १६४४ साली तिच्यावर कर बसला आणि करामागोमाग चोरट्या भट्ट्या आल्या. कविवर्य रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून अबकारी खात्यात होते. व्हिस्कीचे गुण गाणाऱ्या कवीने पोटासाठी तिच्यावरील कर वसूल करावा, यातील विनोद आम्हां नोकरदारांना विशेष कळतो! १८२३ च्या कायद्याने परवाना सुकर झाला. दुसऱ्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला, तेव्हा शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके खवळले, की त्याला जवळ पिस्तुले बाळगावी लागली.

१८३० साली ईनियस कॉफी या आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. तिच्यातून मका वा गव्हाचे स्वस्त, सौम्य मद्य निघू लागले. तांब्याच्या भट्टीतील सातूच्या उग्र मद्यात ते मिसळले गेले आणि ही मिश्र व्हिस्की जगभर पोचली. पण तिला व्हिस्की म्हणावे काय? १९०६ साली लंडनमधील इझलिंग्टनच्या न्यायाधीशाने ‘नाही’ म्हटले. १९०९ साली शाही आयोगाने ‘होय’ म्हटले. आयोगाचा निर्णय मला तत्त्वापेक्षा व्यवहाराला धरून झालेला वाटतो.

२००९ च्या नियमांनुसार स्कॉच धान्याचीच हवी, स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी आणि तेथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेली हवी. पिंप ७०० लिटरहून मोठे नको, मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी नको. वर पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यांखेरीज काही घालावयाचे नाही. मुरताना दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते. त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गंमत अशी, की मुरविण्याची सक्ती १९१५ साली महायुद्धकालीन निर्बंधांतून आली. आज ती गुणवत्तेचे लक्षण मानली जाते.

आपल्याकडील पुष्कळशी व्हिस्की उसाच्या मळीपासूनच्या मद्यार्काची असते. युरोपीय नियमांप्रमाणे ती व्हिस्की ठरत नाही. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावावर स्कॉच उत्पादकांनी घेतलेली हरकत मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, ती फार उशिरा घेतली म्हणून, फेटाळली.