हरणाचा पाय

(वर्धापनदिनाच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत. सोसायटीचा इतिहास, पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत, इतरांनी सांगितलाच आहे. मी बोलणार आहे आपल्या बागेतल्या सिमेंटच्या हरणाबद्दल. त्याच्या पाठीवर बसून काढलेला फोटो इथल्या बहुतेक घरांत सापडेल.

बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, ते पुढच्या उजव्या पायातून मोडून आडवं झालं. बी विंगमधल्या एका मुलाचा टेनिस बॉल त्याला लागला होता. मी तेव्हा सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझ्या सहीची नोटीस: बागेत क्रिकेट बंद, आणि मुलाच्या पालकांनी ५०० रुपये भरपाई द्यावी. त्यांनी एक शब्द न बोलता भरले. मुलगा मात्र खाली खेळायला यायचा थांबला.

नवं हरीण महाग पडत होतं, आणि माझी सगळी नोकरी बांधकामावर गेलेली, म्हणून दुरुस्तीला मीच बसलो. छिन्नीने सुटं सिमेंट काढलं आणि हात थांबला. आतली ८ मिलिमीटरची सळई गंजून दाभणाएवढी उरली होती. मोडलेल्या जागेत शेवाळ होतं! ताजी मोड करडी, स्वच्छ दिसते. इथे तशी जागा जेमतेम नखाएवढी. म्हणजे पाय आतून कधीच गेला होता. सळई मधोमध न बसता एका कडेला सरकलेली, वर सिमेंटचा थर पातळ, आणि माळ्याच्या पाइपचं पाणी रोज त्याच पायावर. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. तो आतून रेटतो, सिमेंट तडकतं, तडीतून आणखी पाणी जातं. त्या दिवशी बॉल नसता लागला तर पावसाळ्यात ते एखाद्या लहान मुलासकट पडलं असतं.

दुरुस्ती सांगतो, कुंड्या-कठड्यांनाही उपयोगी पडेल. हरणाला पोटाखाली विटांचा टेकू दिला. गंजकी सळई चांगलं लोखंड लागेपर्यंत कापली. वर-खाली भोकं पाडून स्टेनलेस स्टीलची सळई इपॉक्सीने बसवली, भोवती बारीक जाळी गुंडाळली. जुना भाग भिजवून त्यावर बाँडिंगचं द्रव घातलेली सिमेंटची स्लरी लावली, आणि ती ओली असतानाच एकास तीन माल, वाळू चाळलेली. एकदम जाड थापायचं नाही. मी दोन दिवसांत दोन थर दिले. मग सात दिवस ओलं गोणपाट. रंग महिन्याने, कारण ताज्या सिमेंटच्या क्षारांनी रंग सोलून निघतो. घाई तिथेच होते.

५०० रुपये मी व्हाउचर करून परत दिले. कारण लिहिलं, ‘जादा जमा’. खरं कारण लिहायला धीर झाला नाही. नोटीस काढली, पण ती चुकीची होती असं बोर्डावर कधी लावलं नाही. सेक्रेटरीचा मान आडवा आला, दुसरं काय.

तो मुलगा आज मागच्या रांगेत बसला आहे, नोकरीला लागलाय. बाळा, तो पाय तू मोडला नव्हतास. हे मला बारा वर्षांपासून माहीत होतं.

त्या पायाचा रंग पुन्हा निघालाय. येत्या रविवारी सकाळी काढतो डबा आणि ब्रश. मला आता वाकवत नाही, कोणीतरी या.