मद्यासक्ती आणि मेंदू : स्त्री-पुरुषभेदाचा विचार

मद्यासक्ती हा मेंदूचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य करून अनेक दशके लोटली असली, तरी तो स्त्रीच्या आणि पुरुषाच्या मेंदूला एकाच रीतीने ग्रासत नाही, याकडे अभ्यासकांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. विसाव्या शतकातील बहुतेक संशोधन पुरुष रुग्णांवर झाले आणि त्याचे निष्कर्ष स्त्रियांनाही लागू असल्याचे गृहीत धरले गेले. अमेरिकेतही शासकीय निधीवरील वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक होण्यास १९९३ साल उजाडले.

भेदाची सुरुवात मेंदूच्या आधी शरीरातच होते. मद्यार्क चरबीपेक्षा पाण्यात सहज विरघळतो आणि स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषाच्या मानाने कमी असल्यामुळे, वजन सारखे असले तरी तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक चढते. शिवाय मद्यार्काचे विघटन करणारे ‘अल्कोहोल डिहायड्रोजिनेज’ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, स्त्रियांच्या जठरात कमी क्रियाशील असल्याचे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यामुळे पहिल्या घोटापासूनच तिच्या मेंदूवर मद्यार्काचा मारा जास्त होतो.

मेंदूत सुखाची जाणीव आणि तिची ओढ निर्माण करणारे जे केंद्रजाल असते, त्यात डोपामिन हे रसायन संदेशवाहकाचे काम करते. दारू प्यायल्यावर पुरुषांमध्ये डोपामिन अधिक प्रमाणात स्रवते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र चिंता, उदासीनता आणि मनावरचे जुने घाव दडपण्यासाठी पिण्याची प्रवृत्ती अधिक आढळते. बोस्टन येथील मार्लीन ऑस्कर-बर्मन यांच्या गटाने २०१७ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, मद्यासक्त पुरुषांमध्ये हे केंद्रजाल निर्व्यसनी पुरुषांपेक्षा आकाराने लहान, तर मद्यासक्त स्त्रियांमध्ये निर्व्यसनी स्त्रियांपेक्षा मोठे आढळले. जर्मनीतील कार्ल मान यांच्या गटाने २००५ साली दाखवले, की पुरुषांच्या मानाने कमी वर्षे पिऊनही स्त्रियांचा मेंदू तितकाच आकसलेला होता. सर्वच अभ्यास एकमुखाने हे सांगत नाहीत, काहींत पुरुषांची हानी अधिक दिसते. परंतु एकाच्या मोजमापाने दुसऱ्याचा आजार मोजता येत नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते. दारू सोडल्यावर मेंदू काही अंशी पूर्ववत होऊ लागतो, ही दोघांसाठीही आशेची बाब होय.

महाराष्ट्रात या ज्ञानाला वेगळे महत्त्व आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील पंधरा वर्षांवरील १३.९ टक्के पुरुषांनी आणि ०.४ टक्के स्त्रियांनी मद्यपान करत असल्याचे सांगितले. त्यामुळे दारूच्या प्रश्नात मराठी समाजाला स्त्री दिसते ती व्यसनी नवऱ्याची सोसणारी बायको म्हणून किंवा गावात दारूबंदीसाठी मतदान घडवून बाटली आडवी करणारी कार्यकर्ती म्हणून. रुग्ण म्हणून ती दिसत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग पुढे उभारावा लागला, यावरूनही तिच्या उपचाराची गरज वेगळी आहे हे लक्षात येते. व्यसनी पुरुषाला उपचारासाठी त्याची आई किंवा बायको घेऊन येते, पण व्यसनी स्त्रीला घेऊन येणारे माणूस सहसा नसते, उलट अब्रूच्या भीतीने घरचेच तिचा आजार झाकतात. अशा रीतीने जिच्या शरीराला हानी लवकर पोहोचते, तिलाच उपचार सर्वांत उशिरा मिळतो.

म्हणून औशासारख्या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीला झोप, चिंता आणि दारू यांविषयी एकांतात व सन्मानाने विचारले जावे. अनेक वर्षांची दारू एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी आणि मार्गदर्शनासाठी १४४४६ या शासकीय निःशुल्क दूरध्वनीचा आधार घ्यावा. कावीळ झालेल्या सुनेला जो समाज दवाखान्यात नेतो, त्याने व्यसनात सापडलेल्या सुनेलाही तितक्याच मोकळेपणाने तेथे न्यावे.